बोलले का आबा?

खासदार नेमका राहतो कुठं, सांगता येईल का तुम्हाला?

दिल्लीत म्हणाल, तर तिथले लोक सांगायचे, "ते गावाकडं गेलेत." बारामतीत म्हणाल, तर इथले म्हणायचे, "छे हो, ते दिल्लीला असतात." आणि आमच्या काकींना, म्हणजे खासदारांच्या मिसेसना विचारलं, तर त्या गहू निवडता निवडता शांतपणे सांगायच्या, "गाडीत राहतात. कधी घरावरनं गेली गाडी, तर हात करतात."

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात काही वर्षं मी त्यांच्या बारामतीच्या संपर्क कार्यालयात होते. शिक्षण मॅट्रिक. काम म्हणजे फोन घेणं, आलेल्याला बसवणं, पाणी देणं आणि "आबा कुठायत?" या प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधणं. आबा म्हणजे आमचे खासदार. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते फक्त मतपत्रिकेवर कामाला यायचं.

ऑफिसात भिंतीला खुंट्यांची एक फळी होती. लोक टोप्या, छत्र्या, पिशव्या विसरून जायचे, त्या मी तिथं अडकवून ठेवायचे. किस्सेही तसेच साठत गेले. ज्याचे त्यानं परत नेले नाहीत, म्हणून माझ्याकडंच राहिले!

*

आधी बिरूतात्यांची ओळख करून देते, कारण ते पुढं सारखे येणार आहेत.

बारामतीहून दौंडला जाणाऱ्या रेल्वेलाइनला लागून त्यांची वस्ती. एकेकाळी घरात मेंढरं होती, पुढं थोडी शेती आणि दोन गाई. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, आणि पिशवीत एक रेडिओ.

वस्तीवरच्या पोरांना शाळेत जायला रूळ ओलांडावा लागायचा. तिथं फाटक नव्हतं. वळणामुळं गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसायची. म्हणून तात्या रोज शाळेच्या वेळेला रुळाजवळ जाऊन उभे राहायचे. गाडीची चाहूल लागली की डोक्यावरचा पटका सोडून पोरांपुढं आडवा धरायचे. मेंढरं अडवायची जुनी सवय! पोरं थांबायची. गाडी गेली की पटका पुन्हा डोक्याला.

त्यांचं मागणं एकच. आबांनी दिल्लीत उभं राहून सांगावं, की आमच्या वस्तीला फाटक पाहिजे.

मी म्हटलं, "तात्या, आबांनी रेल्वेला पत्रं पाठवलीत हो."

"पत्रं लई झाली, बाई. कागदाला तोंड नसतं. मोठ्यांदा बोलाय पायजे, समद्यांम्होरं."

दर बाजाराच्या दिवशी तात्या यायचे, दाराजवळच्या बाकावर टेकायचे आणि विचारायचे, "बोललं का आबा?"

"नाही अजून, तात्या. चहा टाकू?"

"बोलल्याव घिऊ."

आणि उठून जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या ऑफिसचा चहा घेतला नाही!

*

लग्नसराईत आबांचं टाइमटेबल आमचे ड्रायव्हर शिवादादा ठरवायचे. मुहूर्त सगळ्यांचे एकाच सुमाराला. त्यामुळं आबा एका ठिकाणी हळदीला, दुसऱ्या ठिकाणी अक्षतांना, तिसऱ्या ठिकाणी पंगतीला आणि चौथ्या ठिकाणी नवरी गाडीत बसताना पोचायचे. "नवरीला आबा दिसलं म्हंजे झालं," असं शिवादादांचं शास्त्र.

एकदा सांगवीत शेजारीशेजारी दोन मांडव होते. आबा घाईत पहिल्यात शिरले. लोकांनी वाट दिली, कुणी तरी माइक हातात दिला. आबांनी सुरुवात केली, "नवरदेवाचे वडील मारुतराव म्हणजे माझ्या पहिल्या निवडणुकीतले सोबती. सायकलवर डबलसीट बसवून मला वाड्यावस्त्यांवर फिरवणारा हा माणूस..."

मांडवात चुळबुळ. नवरदेवाच्या वडिलांचं नाव होतं किसनराव, आणि त्यांना सायकल येत नव्हती!

शिवादादा मागून दोन्ही हातांनी खुणा करत होते. आबांच्या लक्षात आलं, पण आता थांबणार कसं? त्यांनी आशीर्वाद पुरा केला, अक्षता टाकल्या आणि खाली उतरून किसनरावांचा हात धरला. "माफ करा पाव्हणं, मांडव चुकला."

किसनरावांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "आबा, चुकून का हुईना, आला! बोलावलं असतं तर म्होरच्या मांडवात गेला असता!"

पलीकडच्या मारुतरावांनी मात्र पुढं वर्षभर बोलणं टाकलं. आपलं सगळं कौतुक त्यांना शेजारच्या स्पीकरवरून ऐकावं लागलं होतं.

*

लोकांना वाटतं, दिल्लीला गेलं की खासदार सुटला. कसला सुटतोय! फोन होता ना.

वडगाव निंबाळकरच्या एका पाव्हण्यांनी भल्या पहाटे दिल्लीला फोन लावला. "आबा, फ्यूज उडालाय. मोटर बंद हाय. ऊस वाळाय लागला. वायरमन दाद देत न्हाय."

आता लोकसभेचा मेंबर म्हणून यात काय करायचं? पण आबांनी अंथरुणात बसूनच वायरमनच्या घरी फोन लावला.

"हॅलो, मी खासदार बोलतोय, दिल्लीवरनं."

वायरमन झोपेत. त्याला वाटलं, गावातलं कुणी तरी थट्टा करतंय. म्हणाला, "आसं व्हय? मग मी रशियावरनं बोलतोय!"

आबा जराही चिडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं. येताना रशियातनं तेवढा एक फ्यूज घेऊन या. आमच्या पाव्हण्यांची मोटर बंद आहे."

आवाज ओळखला तेव्हा त्या वायरमनची झोपच उडाली. दिवस उगवायच्या आत मोटर सुरू! पुढं कितीतरी दिवस लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय वो, रशियाकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?"

*

लोकसभेत प्रश्न विचारायचा तर आधी पाठवावा लागतो, मग चिठ्ठ्या निघतात आणि नशीब असेल तर नंबर लागतो. एका अधिवेशनात आबांचा फाटकाचा प्रश्न निघाला. सकाळी अकराला सभागृहात हजर राहायचं, नाव पुकारलं की उठायचं, बस्स. मी तात्यांना मुद्दाम निरोप धाडला.

नेमकी त्याच वेळी इंदापूरकडची एक यात्रेची गाडी काशी-हरिद्वार करून दिल्लीत पोचली. एवढ्या थंडीत उतरणार कुठं? आपल्या खासदाराच्या बंगल्यावर! आबांनी स्वतःची खोलीही म्हाताऱ्यांना दिली आणि आपण व्हरांड्यात कॉटवर झोपले. सकाळी उठले तो स्वयंपाकघरात पिठलं शिजतंय, अंगणात लुगडी वाळतायत आणि बाथरूमपुढं पार फाटकापर्यंत रांग!

आबा टॉवेल घेऊन पुढं गेले. म्हणाले, "जिजी, मला जरा घाई आहे. अकराला पोचायचंय."

रांगेतली जिजी उन्हातान्हात हाडं झिजवलेली बाई. ती म्हणाली, "आमाला बी ताजमहालाला जायचंय. तुमचा नंबर त्या हिरव्या लुगड्यावालीच्या मागं हाय."

आबा हिरव्या लुगड्यामागं उभे राहिले.

सभागृहात पोचले तेव्हा त्यांचं नाव पुकारून झालं होतं. मेंबर गैरहजर, म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

मी नंतर विचारलं, "आबा, सांगायचं नाही का, की मी खासदार आहे?"

"सांगितलं की. ती म्हणाली, तवाच तर तुमच्याकडं उतरलोय!"

बिरूतात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे आंघूळ झाली, बोलायचं ऱ्हायलं." आणि चहा न घेता गेले.

*

पुढच्या खेपेला मात्र आबा वेळेवर पोचले. रेल्वेच्या चर्चेत त्यांना पाच मिनिटं मिळाली होती. दिल्लीच्या ऑफिसातल्या कदमांनी भाषण तयार केलं होतं, आबांनी गाडीत पाठही केलं होतं.

पण माणसाची सवय कुठं जाते? आमच्याकडं भाषणाची एक रीत आहे. आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घ्यायची. एक जरी नाव राहिलं, तरी तो माणूस पुढच्या इलेक्शनला दिसत नाही. आबांची उभी हयात मांडवात आणि गावसभेत गेलेली. ते उठले आणि सुरू झाले, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, माननीय रेलमंत्री महोदय, उनके बाजू में बैठे हुए..."

असं करत करत पहिली रांग झाली. मग दुसरी. विरोधी पक्षाची माणसं राहिली तर वाईट दिसेल, म्हणून तिकडचीही घेतली. सभागृहात लोक हसायला लागले. आबांना वाटलं, खूश झालेत.

"तो अब मैं अपने विषय की ओर आता हूँ," असं म्हणाले आणि टणकन घंटा वाजली. वेळ संपला. बसा!

बाजाराच्या दिवशी बिरूतात्यांनी विचारलं, "बोललं म्हणं आबा?"

"बोलले... पण फाटकापर्यंत आले नाहीत. नावं घेण्यात वेळ गेला."

"कितीक नावं घेतली?"

"बरीच."

"त्यात आमच्या वस्तीचं हुतं?"

"नाही, तात्या."

तात्या पटका नीट करत म्हणाले, "आसू द्या. ज्यास्नी फाटक नगं हुतं, त्यांची नावं झाली. आता आमचीच ऱ्हायली."

मी आबांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते त्या दुपारी जेवले नाहीत.

*

तुम्ही म्हणाल, घरच्यांचं काय? तर तेही ऐका.

काकींच्या धाकट्या लेकीला स्थळ आलं होतं. पाहुण्यांना उत्तर द्यायचं होतं आणि आबा चार दिवस घराकडं फिरकले नव्हते. म्हणून एका सकाळी काकी ऑफिसात आल्या. मी उठून आत न्यायला लागले, तर मला म्हणाल्या, "राहू दे शोभाताई. लोक कवाधरनं बसलेत. मी बी रांगेतच येते. मतदारच हाय की मी!"

आणि बसल्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन. एकाला गॅस कनेक्शन हवं होतं, एकाला फोन, एकाच्या मुलाची बदली. सगळ्यांशी गप्पा मारत त्यांनी आपला नंबर येऊ दिला.

आबा खाली मान घालून सह्या करत होते. समोर बांगड्यांचा आवाज झाला तसे मान वर न करताच म्हणाले, "बसा, मावशी. कुठल्या गावच्या?"

काकी म्हणाल्या, "तुमच्याच."

आबांचं पेन जागच्या जागी थांबलं.

बाहेरच्या सगळ्या रांगेनं ते ऐकलं होतं. एकही माणूस हसला नाही. उलट गॅसवाले म्हातारबाबा उठून म्हणाले, "आबा, आमी उद्या येतो. आदी ह्यांचं बघा!" पाच मिनिटांत ऑफिस रिकामं झालं. ते स्थळ त्याच दिवशी पक्कं झालं.

*

नावं ठेवणारे पुष्कळ होते. शहरातले शिकलेले लोक म्हणायचे, "खासदार संसदेत दिसत नाहीत." गावातले म्हणायचे, "खासदार दिल्लीलाच पडून असतात." मला दोघांचंही पटायचं, आणि आबांची दयाही यायची. एका माणसाला दोन्हीकडून हाक आली, तर ज्याचा आवाज जवळचा, तिकडंच तो आधी वळणार ना?

एकदा आबा पुण्याला विमानतळाच्या दारात पोचले होते. इंदापूरचे त्यांचे जुने कार्यकर्ते वारल्याचा निरोप मिळाला. आबांनी तिथूनच गाडी वळवली आणि दहाव्यापर्यंत इकडंच राहिले. अधिवेशनाचे राहिलेले दिवस गेले.

बिरूतात्या म्हणाले, "मेलेल्या माणसाकडं जायला आबाला येळ घावतो."

"असं नका म्हणू, तात्या. घरच्यांना आधार वाटतो."

"व्हय की, वाटतो. म्या न्हाय कुठं म्हणतोय? पर बाई, एक निरोप द्या. माझ्या दहाव्याला येऊ नगा म्हणावं. त्या दिशी दिल्लीला जावा."

मी निरोप दिला. आबा हसले. म्हणाले, "सांगा तात्यांना, तुमचा दहावा इतक्यात नाही."

*

तात्या त्याच हिवाळ्यात गेले. काही आजार नाही, काही नाही. सकाळी पोरं रुळापलीकडं पोचवली, घरी येऊन भाकरी खाल्ली आणि उन्हाला आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याच्या वेळी दिल्लीत अधिवेशन सुरू होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी आबांना फाटकावर बोलायला वेळ मिळाला होता. तरीही ते आले. म्हणाले, "तात्यांना हात जोडतो आणि दुपारी पुणं गाठतो. संध्याकाळचं विमान आहे." मीही त्यांच्या गाडीतून गेले.

वस्तीच्या खाली ओढ्यावर बंधारा आहे. तिथून रूळ समोर दिसतो. सगळी भावकी जमली होती. पिंडापाशी तात्यांना आवडायचं ते सगळं मांडलं होतं. तंबाखूची चंची, घोंगडं, तो रेडिओ. पटका तेवढा नव्हता. तो हिरामावशींनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, हातात घट्ट धरून ठेवला होता. कुणी तरी कपभर चहाही ठेवला होता. मला वाटलं, सांगावं, की ते घ्यायचे नाहीत.

माणसं मागं सरली. बाभळीवर दोन कावळे बसले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत जाऊन बसला.

थोरला मुलगा पुढं आला, वडिलांच्या पिंडाला हात जोडून म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार न्हाय."

कावळा हलला नाही.

धाकटा म्हणाला, "गाई इकणार न्हाय, दादा."

नाहीच.

ऊन चढत चाललं. शिवादादा सारखं घड्याळ बघत होते. पण कावळा शिवायच्या आत पाठ फिरवून कोण जाणार? आमच्याकडं त्याहून मोठा अपमान नाही. आबा तर गेल्या कितीतरी वर्षांत कुठल्याच दहाव्याहून असे निघाले नव्हते. शेवटी तेच पुढं झाले. टोपी काढली. "तात्या, फाटक करून घेतो. माझा शब्द."

कावळ्यानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, आणि पंख साफ करायला लागला.

कुणी तरी हळूच म्हणालं, "दर्भाचा कावळा करा आता." तेवढ्यात हिरामावशी उठल्या. आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आबा, दिल्लीला कवा निघायचं हुतं?"

"निघायला पाहिजे होतं, मावशी, एव्हाना."

"मग निघत का न्हाय?"

"कावळा शिवल्याशिवाय कसा जाऊ?"

मावशी म्हणाल्या, "आन् तुमी गेल्याशिवाय त्यो कसा शिवंल?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. तो निरोप मीच दिला होता. मी मान खाली घातली.

आबांनी पिंडाला नमस्कार केला, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि सगळ्या भावकीदेखत पाठ फिरवून चढ चढून गेले. गाडी निघाली. रुळापाशी थांबली. शिवादादा खाली उतरले, वळणाकडं बघून आले, मग गाडी पलीकडं नेली.

आम्ही सगळे तिकडंच बघत होतो. कुणी तरी माझं कोपर हलवलं. वळून बघितलं, तर पिंडाला कावळा लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला हिरामावशी लाल पटका घेऊन रुळाजवळ उभ्या राहिल्या, आणि आबा लोकसभेत उभे राहिले.